आभारपत्राचं इंग्रजी

देणगीदाराला शाळेकडून येणारं आभारपत्र हा एक स्वतंत्र साहित्यप्रकार आहे, आणि त्याची म्हणावी तशी दखल कुणी घेतलेली नाही. चौरेघी वहीचं फाडलेलं पान. वर उजव्या कोपऱ्यात तारीख. मग ‘डिअर सर ऑर मॅडम’, खाली ‘वुई आर व्हेरी थँकफुल टू यू फॉर युवर काइंड डोनेशन’, आणि तळाशी ‘युवर्स फेथफुली’च्या शेजारी पोराचं नाव, इयत्ता आणि एक फूल. आमच्या गटाला पहिल्या वर्षी असा अख्खा गठ्ठा आला. सगळी पत्रं सारखी. इतकी सारखी, की ‘डोनेशन’चं स्पेलिंग वरच्या आठ-दहा पत्रांत चुकलेलं आणि त्याखालच्या सगळ्यांत बरोबर. म्हणजे मध्येच कधीतरी गुरुजींनी फळ्यावर दुरुस्ती केली असणार. अक्षरं लिहिलेली नव्हती, काढलेली होती. रांगोळीचे ठिपके जोडावेत तशी. पुढे शाळेत जाणं झालं तेव्हा चौथीतल्या एकाला त्याचंच पत्र दाखवून विचारलं, “यात काय लिहिलंयस रे?” तो म्हणाला, “फळ्यावरचं.”

इतकं प्रामाणिक उत्तर आमच्यापैकी कुणाला देता आलं असतं की नाही, शंका आहे. त्या पोराने वर्षभरात सलग चार ओळी इंग्रजी लिहिलं ते एवढंच. इंग्रजी यावं म्हणून दिलेल्या मदतीतून जेवढं इंग्रजी निपजलं, ते सगळं मदतीचे आभार मानण्यात खर्ची पडलं.

शाळा पेठ तालुक्यातली. नाशिकहून पेठ रोडने निघायचं, सावळघाट ओलांडायचा, मग फाट्यावरून आत. पहिली ते चौथी, दोन शिक्षक, पट चाळिशीच्या आतबाहेर. गावाचं नाव लिहीत नाही, कारण नाव छापून आलं की पाहणी येते आणि पाहणी आली की आठवडा जातो. आमचा गट म्हणजे दहावीच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप. सुप्रभातच्या फुलांना आणि नातवंडांच्या फोटोंना कंटाळलेल्या वीस-बावीस जणांनी दरमहा तीनशे रुपये काढायचं ठरवलं. संस्था नाही, नोंदणी नाही, लोगो तर नाहीच.

पेठच का, असं पुष्कळजण विचारतात. माझं माहेर निफाड तालुक्यात, द्राक्षांच्या मुलखात. दिवाळी उरकली की पेठ-सुरगाण्याकडची माणसं कामाला यायची, अजूनही येतात. तिकडे भात-नागली काढून झाली की घरात दाणे असतात पण हाताला काम नसतं. बांधाच्या कडेला पालं पडायची. त्यांच्यासोबत माझ्या वयाची मुलंही असायची. दिवाळीची सुट्टी संपून आमची शाळा भरायची आणि ती मुलं बागेतच राहायची, थेट होळीला घरी जाईपर्यंत. ती शाळेत का येत नाहीत हा प्रश्न मला त्या वयात पडला नाही, आणि घरातल्या मोठ्यांनी तो कधी काढला नाही. तेव्हा पेठच्या शाळेला देतो ते मला काही दानबिन वाटत नाही. जुनी थकबाकी म्हणा. बँकेत हयात गेली, त्यामुळे मला हाच शब्द सुचतो.

आता इंग्रजीच का? पुस्तकं द्या, पाणी द्या, संडास बांधा. इंग्रजीचं काय घेऊन बसलात? हेही लोक विचारतात, आणि विचारणाऱ्यांची स्वतःची नातवंडं कुठल्या शाळेत आहेत हे मला माहीत असतं. गावाने मात्र या प्रश्नाचं उत्तर कधीच देऊन टाकलेलं आहे. सकाळी फाट्यावर पिवळी व्हॅन येते. टाय लावलेली, बूट घातलेली पाच-सहा पोरं तिच्यात बसून तालुक्याच्या दिशेने जातात. शाळा ‘इंग्लिश मीडियम’, इमारत भाड्याची, आणि शिकवणाऱ्या मुलीचं इंग्रजी आमच्या गुरुजींच्या इंग्रजीपेक्षा फार वरचं असेल असं मानायचं काही कारण नाही. पण पाटीवर ‘इंग्लिश’ आहे. त्या पाटीसाठी माणसं बोकड विकून फी भरतात. इकडे व्हॅनमध्ये एकेक पोर चढलं की जिल्हा परिषदेच्या शाळेचा पट तेवढा उतरतो. पट विसाच्या खाली गेला की संचमान्यतेत, म्हणजे कुठल्या शाळेला किती शिक्षक ते ठरतं तेव्हा, शिक्षकाचं पद डळमळतं. २०२३ साली तर वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायची टूम निघाली होती. पाड्यावरच्या सहा वर्षांच्या पोरीला ओढा ओलांडून चार किलोमीटरवरच्या समूह शाळेत पाठवणार कोण, हे काही त्या कागदावर नव्हतं. तेव्हा इंग्रजी येतं की नाही यावर या शाळा टिकतात की नाही हे ठरायला लागलंय. न पटण्यासारखं आहे, पण आहे.

खरं तर या शाळांत इंग्रजी नाही असं नाही. मी पाचवीत ए-बी-सी-डी गिरवली. माझ्या पिढीत तोच रिवाज होता. २००० सालच्या जूनपासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं, प्रा. रामकृष्ण मोरे तेव्हा शिक्षणमंत्री होते. त्यावर रान उठलं होतं, ‘मराठीचा गळा घोटला’ वगैरे. बँकेत जेवणाच्या सुट्टीत आमच्याही जोरदार चर्चा झाल्या. मोऱ्यांचा मुद्दा साधा होता: शहरातल्या पैसेवाल्याच्या मुलाला बालवाडीपासून मिळतं ते खेड्यातल्या मुलाला पाचवीपर्यंत का मिळू नये? मला तेव्हाही तो पटला होता. पण त्या जूनमध्ये पहिलीत बसलेलं पोर आज तिशी ओलांडून गेलंय आणि त्याचीच पोरं आता शाळेत आहेत. बारा वर्षं इंग्रजी शिकलेला तो बाप आपल्या मुलाला व्हॅनमध्ये बसवतो. पहिलीपासूनच्या इंग्रजीवर याहून बोलका शेरा कुठल्या समितीला लिहिता यायचा नाही.

खेड्यातल्या मुलांना वाचता किती येतं ते बघणाऱ्या ‘असर’च्या पाहणीत मुलांना घरी जाऊन चार पायऱ्यांवर तपासतात: मोठी अक्षरं, लहान अक्षरं, सोपे शब्द, सोपी वाक्यं. देशभरातल्या ग्रामीण भागात पाचवीतली २४.७ टक्के मुलं २०१६ साली सोपी इंग्रजी वाक्यं वाचू शकत होती. २०२२ साली २४.५ टक्के. सहा वर्षांत टीव्ही आले, टॅब आले, ॲप आली, मधे कोरोना येऊन गेला, आणि काटा जागचा हलला नाही.

टीव्हीवरून आठवलं. २०१३च्या कंपनी कायद्यात कलम १३५ आलं आणि ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणं आलं. चांगली गोष्ट आहे. फक्त आर्थिक वर्ष मार्चअखेर संपतं. मार्चएंडला माणसं काय करतात हे बँकवाल्यांना कुणी सांगायला नको. त्यामुळे शाळेला फेब्रुवारी-मार्चमध्ये अचानक भिंतीएवढा टीव्ही मिळतो, ई-लर्निंगचं सॉफ्टवेअर मिळतं, फीत कापली जाते, फोटो निघतात. आमच्या शाळेतही आम्ही जायच्या आधीचा असा एक टीव्ही आहे. देणाऱ्याचं नाव दारावर ऑईलपेंटने लिहिलंय, शाळेच्या नावापेक्षा ठळक. सॉफ्टवेअरची मुदत वर्षभराची होती, ती संपली. मग वीजबिल थकलं आणि मीटर काढून नेलं. पुढे गावाने वर्गणी काढून बिल भरलं, वीज आली, पण तोवर टीव्हीच्या मागच्या बाजूला पालींनी बस्तान बसवलं होतं. त्यावर शाल पांघरलेली आहे. शाल कुठल्यातरी सत्कारातली.

२०२३च्या सप्टेंबरात राज्याने दत्तक शाळा योजना काढली. ग्रामीण भागातली शाळा पाच वर्षांसाठी दत्तक घ्यायची तर पन्नास लाख, दहा वर्षांसाठी एक कोटी. रोख नाही, वस्तू आणि सेवांच्या रूपात. आणि शाळेच्या नावापुढे आपलं नाव जोडायची मुभा. ‘शाळा विकायला काढल्या’ म्हणून ओरड झाली. मला त्या ओरडीपेक्षा त्यातला हिशेब मजेशीर वाटला. पन्नास लाखांच्या वस्तू चाळीस पोरांच्या शाळेत ठेवायच्या कुठे? आणि वस्तू शिकवणार काय?

आपल्याकडे शाळेला मदत करायची रीत काही कंपनी कायद्याने आलेली नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, आणि तिची वसतिगृहं कशावर चालली? बायकांनी घराघरांतून बाजूला काढलेल्या मूठ मूठ धान्यावर. मुष्टिफंड म्हणायचे त्याला. देणारी बाई आणि जेवणारं पोर एकाच मुलखातलं. धान्य वाया गेलं तर तिला चार दिवसांत कळलं असतं. आजही जिल्हा परिषदेच्या शाळांत लोकांकडून जे गोळा करतात त्याला ‘शैक्षणिक उठाव’ म्हणतात. शब्द मोठा झणझणीत आहे. पण उठावाच्या तक्त्यात रकाना असतो तो रुपयांचा आणि वस्तूंचा. माणसाने येऊन घालवलेल्या तासांचा रकाना नसतो, म्हणून तो कुणी भरत नाही.

माणसं येतात, नाही असं नाही. केंद्र सरकारचं ‘विद्यांजली’ आहे, त्यावर स्वयंसेवक नाव नोंदवू शकतात. कॉलेजची मुलं शिबिराला येतात. कंपन्यांचे कर्मचारी एका शनिवारी सारख्या रंगाचे टी-शर्ट घालून येतात, भिंती रंगवतात, गाणी म्हणून घेतात, “व्हॉट इज युवर नेम?” विचारतात. पोरं “माय नेम इज” करून नाव सांगतात, सगळे टाळ्या वाजवतात. हे ‘व्हॉट इज युवर नेम’ प्रकरण एकदा मोजायला हवं. या मुलांना आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला इंग्रजी प्रश्न तोच असेल, आणि विचारणारा माणूस पुन्हा कधी आलेला नसतो. तिसरीतल्या एका पोरीने मला उलट विचारलं होतं, “तुमी परत येनार का, का फोटोवाले हायेत?” टी-शर्टवाल्यांची मला चेष्टा करायची नाही, त्यांतल्या एखाद्याला मनापासून काही करायचं असतं. पण भाषा एका शनिवारात येत नाही. गणिताचं एखादं कोडं एका दिवसात सुटून जाईल, भाषेचं तसं नसतं. तिला रोज तेच ते लागतं, आणि रोज तेच ते करायला शहरातून कुणी येत नसतं. मीसुद्धा नाही.

गुरुजी आणि बाई रोज असतात. मग ते का शिकवत नाहीत? तर ते शिकवतात. दोघांत चार वर्ग. शिवाय पोषण आहाराच्या नोंदी, युडायस या शाळांच्या सरकारी नोंदीची माहिती, वेगवेगळ्या ॲपवर वेगवेगळे फोटो, मतदार यादीचं काम, आणि दर दोन-चार दिवसांनी व्हॉट्सॲपवर येणारा ‘आजच्या आज सादर करावे’. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ने शिक्षकाला अशैक्षणिक कामाला लावायला बंदी केली आणि त्याच वाक्यात जनगणना, आपत्ती आणि निवडणुका सोडून दिल्या. एक शिक्षक तालुक्याला बैठकीला गेला की दुसऱ्याच्या अंगावर चारही वर्ग. अशा दिवशी इंग्रजीचा तास म्हणजे एका मोठ्या मुलाने फळ्यापुढे उभं राहून म्हणायचं आणि बाकीच्यांनी मागून म्हणायचं. समूहस्वर छान लागतो. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटतं, काय झक्कास इंग्रजी चाललंय. समूहस्वरात कुणाला येत नाही ते कळत नाही, हाच त्याचा गुण आणि हाच त्याचा घात.

दुसरी गोष्ट नाजूक आहे. गुरुजी स्वतः पाचवीपासून इंग्रजी शिकलेले, डी.एड. केलेले. वाचतात चांगलं, व्याकरण माझ्यापेक्षा पक्कं, पण बोलायची वेळ आली की घशाला कोरड. साहेब आले, पाहुणे आले की इंग्रजीचा तास बाईंकडे ढकलतात. आमच्यातल्या एकाने, जो मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालाय, भेटल्याबरोबर त्यांच्याशी फर्डं इंग्रजी सुरू केलं. गुरुजी हसले, चहा सांगायला म्हणून उठले आणि तो माणूस जाईपर्यंत परत आले नाहीत. राज्यात ‘तेजस’ नावाचा प्रकल्प २०१६पासून काही जिल्ह्यांत चालला होता, ब्रिटिश कौन्सिल आणि टाटा ट्रस्टच्या मदतीने. त्यात शिक्षकांचे छोटे गट करून आपापसात भेटायचं, वर्गात काय जमलं ते सांगायचं, त्या निमित्ताने इंग्रजी बोलायचं, अशी रीत होती. मला त्यातली एकच गोष्ट फार आवडते: वरून कुणी शहाणा येत नाही. चुकलं तर आपल्यासारख्याच चार माणसांपुढे चुकतं.

पुस्तकांचं सांगते. गोष्टींची पुस्तकं आम्ही दिली. मराठी-इंग्रजी दोन्ही असलेली, चित्रांची, पातळ. ‘प्रथम बुक्स’ची ‘स्टोरीवीव्हर’वर फुकट मिळतात, छापूनही घेता येतात. काही महिन्यांनी बघितलं तर सगळी कपाटात, कुलपात, कोरी करकरीत. गुरुजींना आळशी म्हणणं सोपं होतं. पण त्यांनी जडवस्तू नोंदवही काढून दाखवली. आलेली प्रत्येक वस्तू तिच्यात चढते आणि बदली झाली की चार्ज देताना मोजून द्यावी लागते. पुस्तक हरवलं, फाटलं, तर खुलासा. “म्हणून मॅडम, कपाटातलं पुस्तक सुरक्षित,” गुरुजी म्हणाले. इथे मात्र माझी बँकेतली नोकरी कामाला आली. आम्ही शाळा व्यवस्थापन समितीला रीतसर पत्र दिलं, की ही पुस्तकं खडू-डस्टरसारखी वापरून संपवायच्या वस्तू आहेत, फाटली-हरवली तरी देणगीदारांची तक्रार नाही. समितीने ठराव केला. सरपंचांची सही, शिक्का. पुस्तकं दोरीवर आली, चिमट्यांनी टांगलेली. आता त्यातली अर्धी मुखपृष्ठाविना आहेत, एकावर डाळीचा डाग आहे, दोन वाडीत कुठेतरी फिरतायत. आमच्या गटाने केलेल्या सगळ्या कामांत मला सगळ्यात जास्त अभिमान त्या एका ठरावाचा आहे.

आणि पैसे कशावर जातात? एका मुलीवर. गावातलीच, बारावी झालेली, पोलीस भरतीसाठी पहाटे पळायला जाणारी. समितीने तिला स्वयंसेविका म्हणून नेमलं, आम्ही महिना सहा हजार देतो. उरलेल्यातून पुस्तकं आणि फोनचं रिचार्ज. ती रोज दोन तास येते. तिचं इंग्रजी बेताचंच आहे. ती आदल्या रात्री गोष्ट वाचते, अडलेले शब्द बाईंना विचारते, आणि दुसऱ्या दिवशी पोरांना वाचून दाखवते. पण ती गोष्ट सांगते कोकणा बोलीत, तिथल्या आदिवासींच्या घरच्या भाषेत. हे आमच्या कुणाच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं. आम्ही शहरात बसून ‘मराठी की इंग्रजी’ असा वाद घालतो. तिथे पहिलीत आलेल्या पोराला पुस्तकातली मराठीसुद्धा निम्मी परकी असते. घरात बोली, शाळेत मराठी, फळ्यावर इंग्रजी. तीन मजले चढायचे आणि जिना एकाच गुरुजींचा. ही मुलगी खालच्या मजल्यावर उभी राहून हात देते. शिवाय ती समूहस्वर लावत नाही. एकेकाला जवळ बसवते, बोट ठेवून वाचायला लावते, बोट चुकलं की पोराचं मनगट धरून मागे नेते. मुलं पाठ केलेलं वाचतायत की खरंच वाचतायत हे बोटावरून कळतं: तोंड पुढच्या ओळीत आणि बोट मागे राहिलं की समजायचं.

सुरुवातीला गुरुजी बिचकले होते. “ती चांगली शिकवायला लागली तर लोक म्हणतील मग तुमी काय करता,” असं त्यांनी मला सरळ सांगितलं, आणि मला त्यांचं ते सरळ सांगणं आवडलं. आता त्यांचा वर्ग चालू असतो तेव्हा ती दोनच मुलांना घेऊन ओट्यावर बसते. ज्यांचं मागे पडलंय त्यांना. यात द्राक्षांच्या हंगामाला गेलेली मुलं सगळ्यात जास्त.

त्या हंगामातल्या मुलांची एक गंमत. बाईंनी एकदा सांगितलं, घरी जे इंग्रजी शब्द बोलतात ते जमवून आणा. पोरांना आधी वाटलं आपल्या घरी कुठलं आलंय इंग्रजी. दुसऱ्या दिवशी पाईप, ड्रम, टायर, चार्जर, सलाईन, टेम्पो, बॅटरी, स्टॅण्ड असं करत फळा भरला. एका आजीने तर नातवाबरोबर ‘इंजेक्शन’ आणि ‘फॉरेस्ट’ हे दोन शब्द पाठवले, आणि फॉरेस्टवाल्यांबद्दल जे सांगून पाठवलं ते बाईंनी फळ्यावर लिहिलं नाही. मग होळीला परत आलेला एक तिसरीतला मुलगा उठला. एरवी हा पोरगा मागे बसायचा, चार-पाच महिने शाळा बुडालेली, वाचताना घाम फुटायचा. तो म्हणाला, “थिनिंग. डिपिंग. क्रेट. ग्रेडिंग. पॅकिंग.” बाईंना डिपिंग माहीत नव्हतं. मला माहीत होतं, पण मी गप्प बसले. त्याने ओंजळीत घड धरल्यासारखं करून, तो औषधाच्या मगात बुडवायचा, झटकायचा, दुसरा धरायचा, असं सगळं करून दाखवलं. मण्यांची विरळणी कशी करतात, आई किती झाडं करते, तेही सांगितलं. बाईंनी प्रत्येक शब्द फळ्यावर इंग्रजीत लिहिला. त्याने ते पाचही शब्द वहीत उतरवून घेतले आणि दुपारी खिचडीच्या रांगेत मला वाचून दाखवले, बोट न चुकवता. ‘डिपिंग’मध्ये दोन ‘पी’ का, हे त्याने विचारलं. त्याचं उत्तर मी दिलं, अर्धं समजून अर्धं ठोकून.

आमच्या बॅचमधली एक मैत्रीण न्यू जर्सीत असते. तिला पैशापेक्षा काहीतरी करायचं होतं. तिच्यासाठी शनिवारची सकाळची शाळा सोयीची निघाली: इथे सकाळचे नऊ म्हणजे तिच्याकडे शुक्रवारी रात्री साडेदहा-साडेअकरा. फोन लावायचा आणि एकेका पोराने तिला एक पान वाचून दाखवायचं, बस्स. शिकवायचं नाही, उच्चार सुधारायचे नाहीत, हे तिला बजावून सांगितलं होतं. ती फक्त ऐकते आणि मध्ये “मग पुढे?” म्हणते. मराठीतच. रेंज शाळेच्या मागच्या पाण्याच्या टाकीपाशी येते, म्हणून वाचन टाकीपाशी. एकदा ती चुकून ‘वॉटर’ला तिथल्यासारखं ‘वॉडर’ म्हणाली; मुलांनी तिला लगेच दुरुस्त केलं, आणि पुढचे दोन शनिवार ते वाचायच्या आधी तिची तपासणी घेत होते. मला या सगळ्यात एवढंच दिसतं, की त्या पोरांना पहिल्यांदा कुणीतरी त्यांचं इंग्रजी ऐकणारं मिळालं. परीक्षक नाही, पाहुणा नाही. ऐकणारं.

पुढच्या वर्षी आभारपत्रं नकोत असं आम्ही कळवलं होतं. तरी चार आली, समितीच्या अध्यक्षांच्या आग्रहाने. एकात तीन ओळी होत्या: माझी शेळी काळी आहे, मला आंबा आवडतो, आणि तिसरी ओळ ‘युवर फोन इज कट कट कट’. स्पेलिंग निम्मं चुकलेलं. हे फळ्यावरचं नव्हतं.

याने शाळेचं सोनं झालं असं मी लिहिणार नाही. चाळीसातली पंधरा-एक मुलं गोष्टीचं पान एकट्याने वाचतात. काही अजून ‘बी’ आणि ‘डी’मध्ये अडकलेली आहेत. व्हॅन अजून फाट्यावर येते, आणि तिच्यातली दोन पोरं परत आली ती आमच्यामुळे नाही, फी परवडेना म्हणून. मराठी वाचनच कच्चं असलेल्या मुलाला इंग्रजी रेटावं का, या प्रश्नावर बाई आणि मी अजून भांडतो. त्यांचं म्हणणं आधी मराठी पक्की. मला ते तत्त्वतः पटतं. पण मग मला दिसतं, की गोष्ट आवडली की पोरं दोन्ही भाषांतली पानं उलटसुलट करून वाचतात, मराठीचा आधार घेऊन इंग्रजी आणि कधी कधी इंग्रजीचा आधार घेऊन मराठीही, आणि माझं तत्त्व जरा ढिलं पडतं.

सध्या ग्रुपवर वेगळाच विषय पेटलाय. एका मित्राच्या कंपनीकडून मोठा टच-पॅनेल मिळतोय. उद्घाटनाला साहेब येणार, पाटी लावायची. अर्धा ग्रुप हुरळलाय. गुरुजींना विचारलं तर म्हणाले, “येऊ द्या की मॅडम, नाही कशाला म्हणायचं? फक्त बिल कोन भरनार ते आधी लिहून घ्या.” मित्राने कंपनीला तसं विचारलंय. उत्तर आलेलं नाही.

त्याहून मोठी अडचण म्हणजे आमची मुलगी पोलीस भरतीत निवडली गेली. पेढे वाटून झाले, गावात मिरवणूक झाली, गुरुजी फेटा बांधून पुढे होते. आता जूनपासून तिच्या जागी कोण? वाडीतली एक सून बारावी झालेली आहे, वर्गात येऊन एकदा बघूनही गेली. तिच्या सासूशी बोलायला बाई रविवारी जाणार आहेत. सासूबाईंनी निरोप पाठवलाय की पैशाचं नंतर बघू, आधी नागलीच्या आवणीच्या दिवसांत सुट्टी मिळेल की नाही ते सांगा.